तिळ्यांच्या सामानाची याद

अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकास दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे, असा शिशुवैद्यकाचा शिरस्ता आहे. आणि हाच शिरस्ता एका घरात एकाच प्रसूतीत जन्मलेल्या तीन बालकांना लागू केला, म्हणजे तीन तासांचे अंतर धरले तरी अहोरात्रात चोवीस वेळा दूध पाजण्याचा प्रसंग येतो, आणि वाटी-चमच्याने एका बालकास पाजावयास पंचवीस मिनिटे लागतात असे मानले, तर दिवसाचे दहा तास या एकाच कर्मात व्यतीत होतात. ढेकर काढणे, ओली दुपटी बदलणे, भांडी घासून उकळणे, हे सर्व त्याखेरीज. सोनोग्राफीच्या पडद्यावर तीन गर्भ दिसल्याची वार्ता पिंपरी-चिंचवडमधील निगडीच्या एखाद्या घरात पोहोचली, की आनंद आणि धास्ती यांच्या संमिश्र अवस्थेत घरची मंडळी दुकानाची वाट धरतात, आणि एका बाळास जे लागते त्याची तिप्पट घ्यावी, असा सरळ हिशेब मांडतात. हा हिशेब शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. तिळ्यांच्या घरात तिप्पट होते ती हातांची, पाण्याची आणि झोपेची गरज. वस्तूंची गरज तिप्पट होते ती फार थोड्या बाबतींत, आणि काही वस्तू तर एकही न आणलेली बरी.

निसर्गतः तिळी दुर्मिळ. डायोनिस हेलिन या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये असा एक स्थूल नियम मांडला की, सुमारे ८९ प्रसूतींत एकदा जुळे होत असेल, तर तिळे ८९ गुणिले ८९, म्हणजे सुमारे आठ हजार प्रसूतींत एकदा होईल. वंध्यत्वावरील आधुनिक उपचारांनी हे प्रमाण पुष्कळ वाढविले. परंतु गर्भाशयाची सामावून घेण्याची शक्ती काही वाढली नाही. म्हणून तिळी बालके सरासरीने बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यातच जन्मास येतात आणि त्यांचे वजन बहुधा पावणेदोन किलोच्या आसपास असते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ अर्भकास सामान्यतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास साधतो. याचा अर्थ असा की, ज्या दिवशी तिळी जगात येतात त्या दिवशी स्तनपानाची किंवा बाटलीची क्रिया त्यांना बहुधा येतच नसते, आणि त्यांचे पोषण प्रथम नळीने, मग वाटी-चमच्याने आणि मग स्तनाने, अशा पायऱ्यांनी पुढे सरकते. सामानाची याद करावयाची ती या पायऱ्या ध्यानात ठेवून.

नवजात बालकास खरोखर काय लागते, या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर महाराष्ट्रात शोधावयाचे झाल्यास ते गडचिरोलीत मिळते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने त्या जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून तयार केले, त्यांच्या हाती मोजकी साधने दिली, आणि घरोघरी नवजातांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचा वृत्तांत १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला: नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले होते. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली गेली, आणि आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, घड्याळ, ऊबदार पांघरूण आणि दूध पाजण्याचा चमचा असतो. तिळ्यांच्या मातापित्यांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या पिशवीचे चिंतन करावे, असे मी मनापासून म्हणतो. कारण ऊब, दूध आणि स्वच्छता या तिन्ही गोष्टी तीत मावलेल्या आहेत, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे जगणे मुख्यत्वे या तिन्हींवरच अवलंबून असते.

दुधाचा विचार प्रथम करू. तिघांना पुरेल इतके दूध एका मातेस येणार कसे, ही शंका आप्तेष्ट इतक्या वेळा बोलून दाखवितात की ती मातेच्या मनात रुजते. या शंकेस उत्तर देणारे एक मापन ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले: तिळ्यांना पाजणारी एक माता अडीच महिन्यांच्या सुमारास दिवसाकाठी तीन किलोहून अधिक दूध देत होती, आणि तिन्ही बालके मिळून चोवीस तासांत सत्तावीस वेळा पीत होती. एका मातेचे उदाहरण म्हणजे नियम नव्हे, हे खरेच. प्रत्येकीस एवढे दूध येईल असे कोणी सांगू नये. पण त्यामागील शरीरशास्त्र सर्वत्र सारखेच आहे. स्तन जितका रिता होतो तितकी दूधनिर्मिती वाढते, आणि दूध साचून राहिले की त्यातीलच घटक निर्मितीस लगाम घालतात. बालके अतिदक्षता विभागात असतील तेव्हा त्यांच्या ऐवजी स्तन रिता करण्याचे काम हाताने किंवा पंपाने, प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांतच सुरू करून दिवसातून आठ वेळा करावे लागते. म्हणून तिळ्यांच्या यादीत एकच वस्तू महागाची घ्यावयाची असेल, तर ती दोन्ही बाजूंचे दूध एका वेळी काढणारा विजेचा चांगला पंप होय. तो शहरात भाड्यानेही मिळतो आणि भाड्याने घेणेच शहाणपणाचे. मात्र दुधाला स्पर्श करणारे भाग प्रत्येक मातेचे स्वतंत्र व नवे असावेत.

आणि मातेचे दूध अपुरे पडलेच तर? त्याची तजवीजही महाराष्ट्राने फार पूर्वी केली आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, त्यातील रोगजंतू मारून, ते अशाच अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. प्रसूतीपूर्वीच आपल्या वैद्यांकडे अशा पेढीची चौकशी करून ठेवावी. शेजारणीचे दूध परस्पर आणून पाजणे हा मात्र तिचा पर्याय नव्हे.

आता दूध पाजण्याचे साधन. या बाबतीत दुकानदार जी वस्तू डझनावारी पुढे करतो ती बाटली, आणि आपल्या आज्या-पणज्या जी वस्तू हातात घेत ती बोंडले. या दोहोंत अपुऱ्या दिवसांच्या तिळ्यांसाठी मी निःसंशय बोंडल्याच्या बाजूने कौल देतो. बोंडले म्हणजे चोच असलेली उथळ वाटी. दक्षिणेत तिलाच पालडै म्हणतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तुलनात्मक अभ्यासात वाटी, बाटली आणि पालडै यांपैकी पालडैने बालकांनी अधिक दूध कमी वेळात आणि अधिक शांतपणे घेतल्याचे आढळले. दूध मात्र घशात ओतावयाचे नसते. बाळास जवळजवळ बसते धरून, चोच खालच्या ओठास टेकवून, त्याने घोट गिळेपर्यंत थांबावयाचे असते; ही कला रुग्णालयातील परिचारिकेकडून घरी जाण्यापूर्वीच आई, बाबा आणि आजी या तिघांनीही हात घालून शिकून घ्यावी. बारशाच्या आहेरात चांदीचे बोंडले येते ते कौतुकाने ठेवावे. रोजच्या वापरास पोलादी बरे, कारण त्यास कोनाकोपरा नसतो आणि ते मनमुराद उकळता येते.

उकळण्याचा हा मुद्दा निगडीत विशेष महत्त्वाचा. पवना नदीचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीच्याच सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध केले जाते. तरीही नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडकरांच्या नळास ते दिवसाआड येऊ लागले, आणि साठवणीच्या टाक्या व पिंपे घराघरांत अपरिहार्य झाली. साठविलेल्या पाण्याने चोवीस बाटल्या, तितकीच बुचे आणि तितकीच रबरी बोंडे रोज घासावयाची, म्हणजे पाण्याचाही नाश आणि जंतूंनाही आसरा. कारण बोंडाच्या आतल्या घडीत आणि बाटलीच्या मानेच्या आट्यांत दुधाचा जो पातळ थर उरतो, त्यात जंतू आपली वस्ती करतात. विजेचे निर्जंतुकीकरण यंत्र उपयुक्त खरे, परंतु देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणाऱ्या या परिसरात झाकणाच्या पातेल्यात पाण्याखाली बुडवून दहा मिनिटे उकळणे हाच भरवशाचा मार्ग. सहा-आठ बोंडली, सहा वाट्या आणि एक मोठे पातेले, एवढ्यात तिळ्यांची सरबराई होते. पुढे बाटली घेणे भागच पडले, तर रुंद तोंडाची, भारतीय मानक १४६२५ चे चिन्ह असलेली घ्यावी. या मानकाने प्लास्टिकातील बिस्फेनॉल-ए हे रसायन वर्ज्य केले आहे. आयर्लंडमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले की पॉलिप्रॉपिलिनच्या बाटलीत गरम पाण्याने दूध कालविल्यास लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण सुटू शकतात. त्यांचा अपाय किती, याचा निर्णय विज्ञानाने अद्याप दिलेला नाही. पण पोलाद किंवा काच हाताशी असता ही जोखीम पत्करण्याचे प्रयोजन काय?

डब्यातील दुधाविषयी मी थोडक्यात पण निक्षून सांगतो. दुधाची भुकटी निर्जंतुक नसते. तीत क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकास तो घातक ठरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये असे मुक्रर केले की भुकटी ७० अंशांहून कमी नसलेल्या तापमानाच्या पाण्यात कालवावी आणि तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे. रात्रीचे दूध संध्याकाळीच कालवून ठेवण्याची सोय, जी थकलेल्या घरास साहजिकच मोह घालते, ती म्हणूनच धोक्याची. वैद्याने लेखी सांगितल्याखेरीज डबा घरात आणू नये. आपल्या देशात १९९२ चा शिशुदुग्धपर्याय कायदा आहे, तो २००३ मध्ये अधिक कडक झाला, आणि त्यानुसार असे दूध तसेच दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करणे, नमुने वाटणे, भेटी देणे हे सारे निषिद्ध आहे. ‘तीनावर एक मोफत’ असे आमिष बाटल्यांवर कोणी दाखविले, तर तो कायद्याचा भंग आहे, एवढे ग्राहकाने ओळखावे.

उबेसाठी सर्वोत्कृष्ट साधन कोणत्याही दुकानात मिळत नाही. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास, उबविण्याची यंत्रे अपुरी पडली म्हणून, डॉ. एडगार रे यांनी बालकांना मातेच्या उघड्या छातीशी बांधण्याची पद्धत सुरू केली. तीच कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोंच्या बालकांना जन्मानंतर लगेच असे धरले असता नवजात मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. छाती मात्र आईचीच हवी असे नाही. बाबांची चालते, आजीची चालते, मावशीची चालते, आणि तिळ्यांच्या घरात ती चालवावीच लागते. त्यासाठी ताणले जाणारे सुती पट्टे तीन घ्यावेत, टोपडी पुष्कळ घ्यावीत, आणि अंकी तापमापक एक. काखेतील उष्णता ३६.५ ते ३७.५ अंश असली म्हणजे समाधान मानावे. डिसेंबरच्या पहाटे निगडीत गारठा असतो म्हणून शेगडी पेटवून खोलीत धुरी करण्याचा जो रिवाज आहे, तो या कोवळ्या फुप्फुसांसाठी कटाक्षाने टाळावा.

झोपेसाठी प्रत्येक बाळास स्वतःची सपाट, घट्ट जागा हवी. वस्तू तिप्पट घ्यावयाची ती येथे. उताणे निजविणे हाच सर्वमान्य नियम. साडीची झोळी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हलली आहे, परंतु तीत अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हनुवटी छातीस टेकून श्वासनलिका दबू शकते. मोहरीची उशीही तूर्त बाजूसच ठेवावी. चाकांच्या चौकटीत बसवून फिरविणारा वॉकर तर घेऊच नये, कॅनडाने त्याच्या विक्रीवर २००४ पासून बंदी घातली आहे. जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यास वर्षभराने अवश्य स्थान द्यावे. तीन आसनी बाबागाडी घेण्यापूर्वी इमारतीच्या लिफ्टचे दार मोजावे. मोटारीत मात्र, रुग्णालयातून घरी येण्याच्या पहिल्या प्रवासापासून, प्रत्येकास स्वतंत्र मागे तोंड केलेले आसन हवे. २०१९ मध्ये दुरुस्त झालेला मोटार वाहन कायदा चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसन आवश्यक ठरवितो.

उरले हात. चाकणच्या किंवा तळवड्याच्या कारखान्यात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पाळीत जाणारा पिता घरी येतो तेव्हा माता किती वेळ जागी आहे, याचा हिशेब कोणीतरी ठेवावयास हवा. म्हणून भिंतीवर एक तक्ता आणि शेजारी एक जाड नोंदवही असावी: कोणत्या बाळाने किती वाजता किती दूध घेतले, लघवी किती वेळा झाली, वजन किती भरले. थकलेल्या मनाच्या स्मरणावर तीन बालकांचा कारभार सोडू नये. आप्तेष्टांनी आहेरात काय द्यावे असे विचारले, तर रात्री दोन ते पाच या वेळेतील एक पाळी मागावी.

आणि या वहीच्या पहिल्या पानावर, सर्व सामानाच्याही आधी, एक तारीख लिहावी. चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोंहून कमी वजनाने जन्मलेल्या बालकाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी चार आठवड्यांच्या आत, आणि फारच लहान बालकाची त्याहूनही आधी, व्हावयास हवी. कारण त्या पडद्यावर अनिष्ट रक्तवाहिन्या वाढू लागल्या तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि वेळीच उपचार झाला तर दृष्टी बहुधा वाचते. रुग्णालयातून निघताना ती तारीख तिन्ही बालकांसाठी लेखी मागून घ्या.