शॉवरची जाळी कधी उघडून पाहिलीत काय?



या पानावर मी नेहमी लागण, बेणे आणि खोडव्याविषयी लिहितो. या खेपेला जरा न्हाणीघरात डोकावू या. गेल्या हंगामात एका बुजुर्ग सभासदाच्या घरी ठिबकच्या नोंदीसाठी गेलो होतो. त्यांना पूर्वी क्षय होऊन गेलेला, पण खोकला हटत नव्हता. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, लॅटरलची टोके उघडून नळ्या वेळच्या वेळी धुतो. पण पोराने न्हाणीत शॉवर बसवलाय, तो सात वर्षांत उघडला नाही." उघडला, तर आत काळपट बुळबुळीत थर! लॅटरलमध्ये धरतो तसाच.

त्यांचा खोकला त्यामुळेच होता असे मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण हा थर म्हणजे नुसता मळ नव्हे, ती जीवाणूंची वस्ती असते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ९ शहरांतील ४५ शॉवर तपासून २००९ साली निष्कर्ष छापले. क्षयाच्या जंतूच्या भावकीतला 'मायकोबॅक्टेरियम एव्हियम' हा जंतू काही शॉवरच्या थरात पाण्यापेक्षा १०० पटींहून अधिक आढळला.

हा जंतू मूळचा माती-पाण्यातला. उसाच्या कांडीवर मेण असते ना, तसे याचेही कवच मेणचट. म्हणून पाण्यातल्या क्लोरीनला तो सहजी दाद देत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर तो श्वासावाटे छातीत जाऊ शकतो.

धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. जपायचे ते फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी, पूर्वी क्षय झालेल्यांनी आणि वयस्करांनी. खोकला महिनोन्‌महिने राहतो, वजन घटते. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीतला हा जंतू क्षयासारखाच दिसतो, पण औषधयोजना वेगळी लागते. म्हणून क्षयाचा कोर्स पुरा करूनही खोकला राहिला, तर थुंकीच्या कल्चर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने औषध बंद करू नका. आणि तपासणीत हाच जंतू ठरला, तर तो सहसा माणसापासून माणसाला लागत नाही. घरच्या म्हाताऱ्याचे ताट-वाटी वेगळी काढण्याचे कारण नाही.

घरी एवढे करावे :

१) दोन-तीन महिन्यांनी शॉवरची जाळी खोलून ब्रशने घासावी. क्षार धरले असल्यास व्हिनेगरमध्ये भिजवावी. फार जुनी झाली असेल तर बदलावी.

२) परगावाहून आल्यावर नळीत साठलेले पहिले पाणी सोडून द्यावे. त्या वेळी न्हाणीबाहेर थांबावे.

३) गच्चीवरची टाकी धुवावी, झाकण घट्ट ठेवावे.

४) खिडकी उघडी ठेवून न्हाणी वाळू द्यावी.

५) छातीचा आजार असलेल्यांनी बादली-तांब्यानेच आंघोळ करावी. तुषार कमी उडतात.

पिकाच्या नळ्या आपण धुतो, कारण त्या तुंबल्या की टनेज घटते. घरच्या नळीचा हिशेब काटापावतीवर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पुढील अंकी खोडव्यातील पाचटाविषयी.

आपला,
ऊस विकास अधिकारी