फॅट आधी की एसएनएफ?

तिसगावात नगर-पाथर्डी रस्त्यालगतच्या दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी किटल्यांची रांग लागते. दुधाचं माप होतं, नमुना यंत्रात जातो आणि आकडे उमटतात: फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) ८.५. राज्यात गाईच्या दुधाचा मूळ दर याच जोडीवर जाहीर होतो. पावतीत प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव छापलेलं असतं, म्हणून शेतकरी उभ्या उभ्या हिशेब ताडून पाहतो.

तोच हिशेब करणारी प्रोग्रॅममधली ओळ मात्र बहुधा अशी असते: दर(३.५, ८.५, १२). लिहिणाऱ्याला क्रम पाठ असतो. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला फंक्शनची व्याख्या शोधत जावं लागतं. अदलाबदल झाली तरी संगणक हूं की चूं करत नाही. दोन्ही दशांश, दोन्ही दहाच्या आतले. म्हशीच्या दुधाची फॅट ८.५ आणि एसएनएफ ९ असेल, तर उलटापालट माणसाच्याही डोळ्यांतून सुटते. आणि हा शेतकऱ्याच्या घामाचा पैसा आहे.

दर(फॅट=३.५, एसएनएफ=८.५, लिटर=१२) असं लिहिलं की ओळ पावतीसारखी वाचता येते. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात. (आकडे इंग्रजीच टंकावे लागतात, इथे वाचायच्या सोयीसाठी बदलले आहेत.) व्याख्येच्या कंसात सुरुवातीलाच एक तारांकन टाकलं, तर नाव न देता आकडे पाठवणाऱ्याला पायथन अडवतं. पैशाच्या हिशेबात मी ते तारांकन टाकतोच. पीएचपीत नावांची ही सोय २०२० मध्ये आली, जावात अजून नाही.

सगळीकडे नावं हवीत असं मात्र नाही. दोन आकड्यांतला मोठा निवडताना ती नुसती अडचण होते. शिवाय एकदा लोकांनी एसएनएफ= लिहायला सुरुवात केली, की ते नाव बदलणं अवघड; त्यांच्या ओळी मोडतात. म्हणून नाव आधीच विचार करून ठेवावं. लॅक्टोमीटरच्या आकड्याला सगळे डिग्री म्हणतात, तर प्रोग्रॅममध्येही डिग्रीच असावं.

चुकीचा आकडा नावामुळे अडत नाही, हेही खरं. १२ लिटर दूध काट्यावर साधारण १२.३६ किलो भरतं आणि तोच आकडा लिटर म्हणून गेला, तर फंक्शन तो निमूट घेईल. पण लिटर=वजन असं लिहिलेलं दिसलं, की वाचणारा तिथेच थबकतो: १.०३ ने भागायचं राहिलंय.