डायरी बंद कर असं मीच सांगितलं होतं: पार्लर, मेकअप आणि भाड्याची जागा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी त्याचं शब्दांकन खाली देतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कमी केलेत.

आजचा विषय ब्युटी पार्लर. हसू नका. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मला फेशियल आणि क्लीनअपमधला फरक अजून नीट कळत नाही. पण माझी मावसबहीण कराडमध्ये पार्लर चालवते, ब्रायडल मेकअप करते आणि तिच्या धंद्याचं एक मोठं नुकसान माझ्या सल्ल्यामुळे झालं. ते कसं झालं, का झालं आणि आता आम्ही काय करतो, एवढंच सांगायचंय.

काय झालं

चार वर्षांपूर्वी ताईचा कारभार एका जाड डायरीत होता. दुधाच्या हिशोबासारखी डायरी. नववधूचं नाव, कार्यालय, मुहूर्त, किती वाजता पोचायचं, ॲडव्हान्स किती दिला. मी सुट्टीत गेलो होतो, मोठ्या ऐटीत म्हणालो, "ताई, हे काय घेऊन बसलीस? सगळं फोनवर आण." तिला एका फोटो-व्हिडिओच्या ॲपवर खातं काढून दिलं. ॲपचं नाव सांगत नाही, मुद्दा तो नाही. ताईच्या हातात कला आहे. नऊवारी, खोपा, चंद्रकोर असे तिचे व्हिडिओ चालले. तीन वर्षांत अकरा हजार फॉलोअर्स झाले. चौकशी, ठरवाठरवी, पत्ता, वेळ, सगळं तिथल्याच मेसेजमध्ये व्हायला लागलं. डायरी माळ्यावर गेली.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात तिला एक मेसेज आला. तुमच्या व्हिडिओवर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत फॉर्म भरा, नाहीतर खातं बंद. लिंक हुबेहूब खरी वाटणारी. पार्लरमध्ये दिवाळीची गर्दी, एका हातात थ्रेडिंगचा दोरा, दुसऱ्या हाताने तिने पासवर्ड टाकला, मग आलेला ओटीपीही टाकला. दहा मिनिटांत खात्याचा ईमेल बदलला, नंबर बदलला, आणि तिच्याच नावाने 'पैसे दुप्पट करा'ची जाहिरात सुरू झाली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, कंपनीकडे अर्ज केले. उत्तरं आली ती ठरावीक साच्यातली. खातं परत मिळालं नाही.

फॉलोअर्स गेले याचं ताईला फार वाटलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, माझ्या नवऱ्या मुली?" तुळशीचं लग्न बारा दिवसांवर होतं, त्यानंतर लगेच मुहूर्त. चौदा बुकिंगं होती आणि कुणाचं लग्न कुठल्या कार्यालयात, किती वाजता, हे सगळं त्या चोराच्या ताब्यात.

मग आम्ही दोघं रात्री बसलो. यूपीआयची जुनी नोंद काढली. ॲडव्हान्स ज्यांनी पाठवला होता त्यांची नावं मिळाली, काहींचे नंबर मिळाले, बाकी ओळखीतून शोधले. चौदापैकी तेरा सापडल्या. चौदावीच्या मामीने दुकानात येऊन रोख पैसे दिले होते. ताईला तिचा चेहरा आठवत होता, नाव नाही, तारीख नाही.

ती तारीख आम्हाला लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता कळली. मामी स्कूटरवर ताईच्या दारात. "अहो, पोरगी पाचपासून बसलीय. तुम्हाला कालपासून मेसेज करतोय!" ते मेसेज चोराला जात होते. ताई होती तशी निघाली. अडीच तासांचा मेकअप पाऊण तासात उरकला. लग्न लागलं, मामी काही बोलल्या नाहीत, ताईने ॲडव्हान्स परत केला. पण त्या लग्नाचा एकही फोटो ताईने कुणाला दाखवलेला नाही.

चूक नेमकी कुठली?

'लिंकवर क्लिक केलं ही चूक' असं म्हणणं सोपं आहे. पण ते अर्धंच खरं. आमच्या क्षेत्रात एक शब्द आहे, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. सगळं घर एकाच खुंटीला टांगलेलं असणं. खुंटी का निखळली याची कारणं शंभर असू शकतात. चोर, कंपनी, सरकार, तांत्रिक बिघाड. सगळं एकाच खुंटीला का टांगलं, हा खरा प्रश्न. आणि ते मी टांगलं होतं. ऑफिसमध्ये मी बॅकअपशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नाही, आणि ताईचा धंदा मात्र बिनबॅकअपचा उभा करून दिला.

खुंट्या निखळतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. आपल्याकडच्या गावागावांतल्या मुलामुलींनी तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्यात त्यांचा काही दोष होता का? नव्हता.

आणि ४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम गेले, साधारण सहा तास. घटस्थापना तीन दिवसांवर होती. झालं काय, तर देखभालीचं काम करताना दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि त्यापाठोपाठ इंटरनेटला त्यांच्याकडे जायचा रस्ता दाखवणाऱ्या पाट्याच उतरल्या. गाव जागेवर, पण फाट्यावरचे सगळे बोर्ड गायब, असं समजा. दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे तीही बंद. एवढी मोठी कंपनी, पण सगळं एकाच खुंटीला! यातला आपल्या कामाचा धडा असा, की 'इन्स्टा गेलं तर व्हॉट्सॲप आहेच' हा बॅकअप नाही. दोन्ही एकाच मालकाचे गाळे आहेत.

अकरा हजार, पण खुर्च्या तीन

दुसरी गोष्ट शांतपणे होते, त्यामुळे लक्षातच येत नाही. खातं सुरू असतं, तरी गिऱ्हाईक कमी होतं.

इन्स्टाग्रामवर सुरुवातीला पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या. २०१६ पासून कोणाला काय आधी दाखवायचं हे गणित ठरवतं. हा माणूस यावर थांबेल का, लाइक करेल का, कुणाला पाठवेल का, याचा अंदाज बांधून क्रम लागतो. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीरच केलं, की धंद्याच्या पानांपेक्षा मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना प्राधान्य देणार. त्यांचं दुकान, त्यांचे नियम. त्यात गैर काही नाही, पण ते नियम आपल्या धंद्यासाठी बनलेले नाहीत.

पार्लरचं गणित वेगळं आहे. ताईच्या दुकानात खुर्च्या तीन. त्या भरायला माणसं लागतात ती कराड, मलकापूर, ओगलेवाडी, फार तर उंब्रजपर्यंतची. नागपूरच्या मुलीने व्हिडिओवर बदाम टाकला तर आनंद आहे, पण ती आयब्रो करायला येणार नाही. ॲप मोजतं ते बघणारे. आपल्याला मोजायचे असतात ते परत येणारे. दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंगला येणारी शाळेतली बाई हा धंद्याचा पाया आहे, आणि तिने ताईचं खातं कधी उघडूनही पाहिलेलं नाही.

मग आता आम्ही काय करतो

ताईने मला विचारलं होतं, "पण नवीन मुली तर तिथूनच येतात ना? ते कसं सोडू?" सोडायचं नाहीच. नववधू मेकअप बघूनच ठरवते, आणि फोटो बघायला ती तिथेच जाते. आमचा नियम एवढाच: गिऱ्हाईक तिथून येऊ दे, पण त्याची नोंद आपल्याकडे राहू दे.

पहिलं, डायरी माळ्यावरून खाली आली. बुकिंग पक्कं म्हणजे डायरीत नोंद. नाव, दोन फोन नंबर, त्यातला एक घरच्या मोठ्या माणसाचा, तारीख, कार्यालय, पोचायची वेळ, ॲडव्हान्स. रात्री तेच एका शीटमध्ये. महिन्यातून एकदा त्या शीटची प्रत पेनड्राइव्हवर. मेसेजमध्ये 'पक्कं' म्हटलेलं पक्कं धरायचं नाही. आणि लग्नाच्या दोन दिवस आधी ताई स्वतः फोन करते.

दुसरं, गिऱ्हाइकाचं कार्ड. हेअर कलरची कुठली शेड, कशाची ॲलर्जी, पॅच टेस्ट कधी केली. ही माहिती कुठल्याच ॲपमध्ये नसते, आणि बाई दुसऱ्या पार्लरला न जाता परत येते ती बऱ्याचदा याच माहितीमुळे. एक मात्र करा: नंबर आणि फोटो ठेवण्याआधी, वापरण्याआधी विचारा. कुणाचा चेहरा आपल्या जाहिरातीत टाकायचा हे तिने ठरवायचं.

तिसरं, धंद्याचा वेगळा नंबर, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून ताई खुर्चीतून उठण्याआधीच म्हणते, "नंबर सेव्ह करा हं, दिवाळीची वेळ आधी तुम्हाला कळवीन."

चौथं, गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद. फुकट असते. 'जवळचं पार्लर' शोधणारी बाई आज यायच्या विचारात असते. तीही भाड्याचीच जागा, पण मालक वेगळा.

पाचवं, स्वतःचा पत्ता, म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन आणि एक साधं पान. दर, फोटो, नंबर, बस. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास. हे डोमेन स्वतःच्याच ईमेलवर घ्या. माझ्यासारख्या भावाच्या ईमेलवर घेऊ नका. भाऊ नोकरी बदलतो, ईमेल विसरतो, नूतनीकरणाची तारीख चुकते आणि पत्ता दुसऱ्याचा होतो.

सहावं माझं नाही, ताईचं डोकं. तिने मेंदीवाली, फोटोग्राफर, साडीचं दुकान आणि दोन कार्यालयांचे मॅनेजर यांच्याकडे आपली कार्डं ठेवली. संक्रांतीला दुकानातच हळदीकुंकू केलं, वाण म्हणून छोटा आरसा दिला, मागे नाव आणि नंबर. माझ्या सगळ्या शीटांपेक्षा त्या आरशांनी जास्त फोन आणले. हे मला मान्य करावं लागतंय.

आणि खात्यासाठी: दोन टप्प्यांची सुरक्षा चालू ठेवा, ओटीपी कुणालाही आणि कुठल्याही फॉर्मवर देऊ नका, घाबरवणारा मेसेज आला की लिंक न उघडता ॲप स्वतः उघडून सूचना बघा. फोटो-व्हिडिओंची मूळ प्रत फोनबाहेर ठेवा. ताईचं तीन वर्षांचं काम फक्त त्या खात्यात होतं. ते गेलं.

एक छोटी परीक्षा

मेकअप, नेल आर्ट, मेंदी, घरगुती साबण, काहीही करत असाल तर आज दुकान बंद करताना एक करा. फोनमधली सगळी सोशल ॲप्स उद्या सकाळी उघडणारच नाहीत असं समजा आणि कागदावर लिहा: उद्या कोण येणार, किती वाजता, आणि तुम्ही आजारी पडलात तर त्यांना कसं कळवणार. लिहिता आलं तर छान. नाही आलं तर डायरी साठ रुपयांना मिळते.

ताईने नवीन खातं काढलंय. सध्या नऊशे फॉलोअर्स आहेत. या लग्नसराईची सतरा बुकिंगं डायरीत आहेत. मागच्या महिन्यात त्या मामी आल्या होत्या, धाकट्या मुलीच्या साखरपुड्यासाठी. ताईने डायरी त्यांच्यासमोर उघडली, नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि वाचून दाखवली. मामी म्हणाल्या, "माझा नंबर पण लिहा. आणि त्याच्या खाली माझ्या मिस्टरांचा."

तुमच्या धंद्यात असं काही झालं असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू.