रात्रीची गोळी आणि भलतीसलती स्वप्नं

पक्षाघात टाळण्यासाठीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पहाटे घाबरून जाग येऊ लागली, की घरात दोष दिला जातो तो रात्रीच्या जेवणाला. गोळ्यांकडे आधी बघावं, त्यातही बीटा ब्लॉकरकडे. रक्तदाबासाठी किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ही औषधं देतात. प्रोप्रानोलोल आणि मेटोप्रोलोल चरबीत विरघळतात, त्यामुळे मेंदूत सहज शिरतात आणि दुःस्वप्नं पडू शकतात. अ‍ॅटेनोलोल पाण्यात विरघळणारं. त्याचा हा उपद्रव तुलनेनं कमी. शिवाय बीटा ब्लॉकरमुळे रात्री तयार होणारं मेलाटोनिन घटतं आणि झोप चाळवते.

कोलेस्टेरॉलवरच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या दुष्परिणामांतही दुःस्वप्नांची नोंद आहे, पण ती तुरळक आढळणारी. अ‍ॅस्पिरिनवर सहसा हा आळ येत नाही.

आपल्याकडे खरा घोळ एकत्रित गोळ्यांचा. स्ट्रिपवर कंपनीनं दिलेलं नाव ठळक, घटक मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत. रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टनच्या जोडीला मेटोप्रोलोल आहे, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं. स्ट्रिपच डॉक्टरांना दाखवावी. गोळी कधी सुरू झाली, स्वप्नं कधीपासून पडतात, तेही सांगावं. औषध किंवा घेण्याची वेळ बदलता येते.

मनानं गोळी बंद करणं मात्र महागात पडतं. बीटा ब्लॉकर एकदम थांबवलं तर रक्तदाब आणि नाडी उसळू शकते. रक्त पातळ करणारी गोळी सोडली तर गुठळीचा धोका पुन्हा वाढतो.