संगणकाचा पहारेकरी जागा आहे ना?

मेडशी हे आमचे गाव अकोला-वाशीम रस्त्यावरचे. तिथल्या एका छोट्या कार्यालयातील आठ संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. एका सोमवारी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि दुपारपर्यंत तीन संगणक बंद ठेवावे लागले. दाखल्यांसाठी आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे रिकाम्या हाताने परतली. त्यांची मजुरीही बुडाली आणि एसटीचे भाडेही.

‘‘अँटिव्हायरस होता ना?’’ साहेबांनी विचारले. होता. पण त्याचे शेवटचे अपडेट दीड महिन्यापूर्वीचे! इशारा रोज पडद्यावर येत होता आणि बसणारा माणूस फुली दाबून तो रोज बंद करीत होता. त्याला बोल कसा लावू? तो इशारा काय सांगतो, हे मीच कोणाला समजावले नव्हते.

अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याच्याजवळ चोरांच्या ओळखखुणांची यादी असते. तिला ‘डेफिनिशन’ म्हणतात. आजचे अँटिव्हायरस प्रोग्रॅमच्या संशयास्पद वागणुकीवरही नजर ठेवतात, तरी यादी लागतेच. नवे व्हायरस रोज येतात, म्हणून यादीही रोज नवी हवी. पुण्याच्या काटकर बंधूंनी उभारलेल्या ‘क्विक हील’सारख्या कंपन्या ती सतत पाठवत असतात. ती प्रत्येक संगणकापर्यंत पोचली की नाही, हे मात्र आपणच पाहायचे.

आता आम्ही एकाच संगणकाला सर्व्हर केले आहे. तो इंटरनेटवरून यादी उतरवतो आणि बाकीचे संगणक ती त्याच्याकडून घेतात. त्यामुळे एकच फाइल आठ वेळा उतरवावी लागत नाही. शिवाय कोणत्या संगणकावर कोणत्या तारखेची यादी आहे, ते एकाच पडद्यावर दिसते. रोज सकाळी चहाआधी मी त्या तारखा पाहतो. रजेवर गेलेल्याचा संगणक बंद राहतो आणि हमखास मागे पडतो. तो सुरू झाला की आधी अपडेट, मग काम.

इशारेही सारखे नसतात. ‘व्हायरस सापडला, काढून टाकला’ असा इशारा आला, तर नोंद करून ठेवावी. ‘काढता आला नाही’ असे आले, तर लगेच नेटवर्कची वायर काढावी. वाय-फाय असेल तर तेही बंद करावे. एकाच संगणकावर तोच व्हायरस पुन:पुन्हा सापडला, तर त्याचे मूळ दुसरीकडे आहे असे समजावे. एखादा पेनड्राइव्ह किंवा शेजारचा संगणक तपासावा.

अपडेटही कधी चुकते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक अडले आणि अनेक विमाने रद्द झाली. मग अपडेट बंद करावे का? मुळीच नाही. सोय असेल, तर ते आधी एका संगणकाला द्यावे आणि दोन-तीन तासांनी बाकीच्यांना.

आणखी एक. विंडोजची दुरुस्ती वेगळी, ती अँटिव्हायरसच्या अपडेटने होत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने इतर मार्गांबरोबर तीच फट वापरली. त्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबले होते.

आमच्या कार्यालयात आता भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर लिहिले आहे : ‘इशारा दिसला तर फुली दाबू नका, हाक मारा.’ दिवसातून चार हाका येतात. त्यांतल्या तीन किरकोळ निघतात. तरी मी प्रत्येक वेळी उठून जातो, कारण एकदा कंटाळा केला तर पाचवी हाक येणारच नाही.