माणूस ठेवायचा कोठे? व्यसनमुक्ती केंद्र शोधणाऱ्या घरांसाठी

लोकलच्या डब्यात, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, नाक्यावरच्या विजेच्या खांबावर एक जाहिरात आपण सर्वांनीच वाचलेली आहे. पिणाऱ्याला न कळता दारू सोडवून देतो, पुडी भाजीत किंवा चहात टाका, असा तिचा मजकूर. खाली फक्त मोबाईल नंबर. ना डॉक्टरचे नाव, ना दवाखान्याचा पत्ता. आणि तरीही ती पुडी खपते. का खपते? कारण ती घेणारी बाई सगळीकडून थकलेली असते. पगाराच्या दिवशी गेटवर जाऊन उभी राहून झालेले असते, माहेरचे समजावून गेलेले असतात, शपथा घालून झालेल्या असतात. पुडीला कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला सांगावे लागत नाही, एवढाच तिचा गुण.

माता-भगिनींनो, या पुडीपासून पहिल्यांदा दूर राहा. तिच्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाची एक गोळी आहे. ती पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. क्वचित माणूस दगावूही शकतो. डॉक्टर ती देतात, पण तपासण्या करून आणि रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने. तीच गोळी गुपचूप आमटीत पडली तर घरच्याच हाताने घात व्हायचा. अंगारे-धुपारे आणि माळ घालणारे बुवा यांच्याविषयी या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दारूचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना आजारातच करते. पण आपल्या घरांत ही गोष्ट बोलणे जास्त अवघड जाते. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. मग ज्या घरातला माणूस पितो ते घर विहारात यायचेच टाळते. आले तर मागे बसते, लवकर उठते. शील मोडले म्हणून त्याला चार शब्द सुनावणारे पुष्कळ असतात, दवाखान्याचा पत्ता देणारा एखादाच. २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेला देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता, असे त्यात निघाले. भरती होऊन उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक.

केंद्र शोधायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण जिवाचा प्रश्न तेथे आहे. बरीच वर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की शरीर बंड करते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ते कोणालाही ओळखत नाहीत, अंग तापते. हा शेवटचा प्रकार उपचाराविना प्राणघातक ठरतो. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल’ हा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका. पूर्वी कधी फिट आली असेल, कावीळ असेल, डोक्याला मार लागला असेल, तर अशा माणसाला आधी डॉक्टर असलेल्या रुग्णालयातच न्या. तेथे या दिवसांसाठी गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. केंद्राचा विचार त्यानंतर.

मग जायचे कोठे? आपल्या राज्यात तीन-चार वाटा आहेत. सर्वांत जवळची आणि स्वस्त वाट सरकारी रुग्णालयाची. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे.; पुण्यात ससून; नागपुरात मेडिकल आणि मेयो; छत्रपती संभाजीनगरात घाटी. या सगळीकडे मानसोपचार विभाग आहे आणि दारूचे रुग्ण तेथेच पाहतात. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘मेंटल’च्या नावाने आपली माणसे दचकतात. दचकू नये. केसपेपरवर काय लिहिले आहे ते चाळीत कोणी वाचायला येत नाही, आणि दारू पिऊन गटाराकाठी पडलेला माणूस मात्र सगळी चाळ बघते.

दुसरी वाट संस्थांची. पुण्याच्या येरवड्याचे मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पाठबळ दिले. तेव्हा गर्दने तरुण पोरे मरत होती. तेथला उपचार ३५ दिवसांचा असतो. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले ‘परिवर्तन’ आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेले कृपा फाउंडेशन आहे. ही नावे दिली ती आपल्याला मोजपट्टी असावी म्हणून; तेथेच जावे असे नाही. शिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रे बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. ती कोठे आहेत हे १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर विचारता येते. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातही विचारा. शिष्यवृत्तीच्या कामासाठी ते कार्यालय आपल्याला पाठ असतेच.

तिसरी वाट खाजगी केंद्रांची, आणि घरे फसतात ती येथे. माझ्या माहितीतल्या एका ताईंनी असाच एक नंबर फिरवला. पलीकडून नवऱ्याचे वय, किती पितो, आजार काय, यातले काहीही न विचारता पहिला प्रश्न आला, “ताई, गाडी पाठवू का? आमची चार पोरं येतील, उचलून आणतील.” दुसरा प्रश्न पैशाचा. ताईंनी विचारले, “भेटायला कधी येऊ?” तर उत्तर, “तीन महिने भेट नाही, फोन नाही. तुम्ही निवांत राहा.” ताईंनी मंगळसूत्र मोडून पैसे भरले. तीन महिन्यांनी माणूस घरी आला तो पाठीवर वळ घेऊन, आणि आठव्या दिवशी पुन्हा प्यायला. मारहाणीत रुग्ण गेल्याच्या बातम्याही आपण वर्तमानपत्रांत वाचतो. म्हणून पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन केंद्र पाहून या. दाखवायला नकार देतील तर तेथेच परत फिरा.

पाहायचे काय? ‘शासनमान्य’ या पाटीवर जाऊ नका. संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झाली की काही लोक तेवढ्यावर शासनमान्य लिहितात. तशी नोंद तर आपल्या चाळीतल्या मंडळाचीही असते. रुग्ण भरती करून घेणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. हा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या आजारांनाही लागू आहे. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. डॉक्टर कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता येतात? नुसते पाटीवर नाव असलेले डॉक्टर पुष्कळ असतात. रात्री दोनला फिट आली तर कोण धावणार आणि कोणत्या रुग्णालयात नेणार? समुपदेशक किती, रुग्ण किती? आणि संडास बघा, स्वयंपाकघर बघा. खिडक्यांना गज असणे समजू शकते, पण दाराला बाहेरून कुलूप आणि आत चाळीस माणसे असतील तर आग लागल्यावर काय होईल याचा विचार करा. जमले तर आतल्या एखाद्या रुग्णाशी एकट्याने दोन शब्द बोला. तो बोलायच्या आधी मॅनेजरकडे बघतो का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

याच कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे. सक्तीने डोके भादरता येत नाही, स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात, फोन-पत्र-भेटीचा हक्क आहे. सक्तीने काम करवून घेता येत नाही. त्याची इच्छा नसताना ठेवायचे तर ‘चार पोरं’ पाठवून चालत नाही. तपासणी करून तज्ज्ञांनी तशी गरज नोंदवावी लागते, पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते, आणि त्यालाही मुदत असते. तक्रार याच मंडळाकडे करायची. त्यासाठी वकील मोफत मिळण्याचा हक्कही आहे.

कायद्यात आणखी एक ओळ आहे, ती आपल्या कामाची. उपचार देताना धर्म, जात, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही, असे त्यात ‘जात’ हा शब्द घालून लिहिले आहे. तेव्हा केंद्र पाहायला गेलात की मोऱ्या-संडास धुण्याची पाळी सगळ्यांची आहे का ठरावीक आडनावांचीच, हेही विचारून घ्या. फॉर्मवर जात कशासाठी हवी आहे, तेही विचारा. विचारायला संकोच वाटेल, पण उपचारासाठी गेलेला माणूस तेथेही खाली मान घालून राहिला तर तो मोकळा बोलणार कसा? आणि बोलल्याशिवाय हा आजार हलत नाही.

प्रार्थनेचा प्रश्नही काही घरांतून येतो. काही केंद्रांत सकाळ-संध्याकाळ आरती किंवा भजन असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए. ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. आम्ही ईश्वर मानत नाही, मग कसे जावे? माझे मत असे की जावे. त्या पायऱ्यांतच ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी मोकळीक ठेवलेली आहे आणि न मानणारे कित्येक सभासद गटाच्या शक्तीलाच ती शक्ती समजतात. ए.ए.ला फी नाही, नाव-आडनाव विचारत नाहीत. मात्र केंद्रात आरतीला उभे राहिलाच पाहिजेस अशी सक्ती असेल तर नाही म्हणता येते, आणि म्हणावे.

पैशाचे सांगायचे तर, फी किती याहून फीमध्ये काय काय येते हे विचारा. औषधे, रक्ततपासणी, जेवण, नंतरचे समुपदेशन, मध्येच घरी आला तर परतफेड. सर्व कागदावर घ्या, पावती घ्या. गरिबाला सवलत आहे का, हे लाज न बाळगता विचारा. आणि रोजंदारीवरच्या घराने महिना-दीड महिन्याच्या बुडालेल्या मजुरीचाही हिशेब आधीच करावा. कित्येक रुग्ण पंधराव्या दिवशी केंद्र सोडतात ते घरभाडे थकले म्हणून. येथे महिला मंडळ आणि भिशी उपयोगी पडावी. मूर्ती आणि मंडपासाठी आपण वर्गणी काढतो, एका घराचे एका महिन्याचे रेशन तितके जड नाही. ज्याला भरती होणे शक्यच नाही, त्याने सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गोळ्या आणि संध्याकाळी ए.ए.ची सभा असेही चालू करता येते. सौम्य व्यसनात ते पुरते. डॉक्टर सांगतील.

गर्द, इंजेक्शन, एमडी किंवा ‘बटन’ गोळ्या यांच्या नादाला लागलेल्या मुलांचा उपचार वेगळा आहे. गर्दसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा उपचार सरकारी रुग्णालयांत मिळतो. त्यासाठी केंद्रात त्या व्यसनाची माहिती असणारा मानसोपचारतज्ज्ञ आहे का, हे आधी विचारा. दारूचेच केंद्र सगळ्याला चालते असे नाही.

‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. चांगले केंद्र उलट आधीच सांगते की घसरण होऊ शकते. केंद्रातली माणसे तिला ‘स्लिप’ म्हणतात. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण डॉक्टर बदलत नाही, तसेच हे. दोन केंद्रांची तुलना करायची असेल तर सर्वांत सोपा प्रश्न हा: डिस्चार्जनंतर तुम्ही काय करता? दर आठवड्याला बोलावतात का, आपल्या गावाजवळ सभा होते का, बायकोला-आईला बोलावून बसवतात का, न आल्यास फोन करतात का? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याची इमारत कितीही चकचकीत असो.

घरी आल्यावर पहिला पगार, पहिले लग्न आणि जयंतीची मिरवणूक, या तीन वेळा जपाव्या लागतात. पगाराच्या दिवशी त्याच्याबरोबर कोणीतरी जावे. पाकीट मागून घ्यायला नव्हे, सोबतीला. लग्नात ‘एकाने काय होते’ म्हणणाऱ्या पाहुण्याला घरच्यांनीच बाजूला घ्यावे. मिरवणुकीत त्याच्या हाती काम द्यावे, पाणीवाटपाचे किंवा पुस्तकांच्या स्टॉलचे. रात्री-अपरात्री घाबरे झाले, तो किंवा तुम्ही, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि तेथे बाईनेही आपल्या स्वतःच्या मनाचे बोलले तर चालते.