थोर कादंबरी आणि थंड वाचक

एखाद्या ग्रंथाची थोरवी सर्वमान्य असावी, ती आपल्या बुद्धीलाही पटावी, आणि तरीही तो मिटताना मन जागचे तिळभर हलू नये, या अवस्थेची कबुली वाचक सहसा उघडपणे देत नाहीत. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’विषयी माझी अवस्था अशीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘मासिक मनोरंजना’तून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मराठीतील तत्त्वचिंतनात्मक कादंबरीची गंगोत्री मानली जाते. बुरोंडीस पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की वाचनाला जी निर्वेध फुरसत मिळते, ती सारी मी तिला दिली. आदर वाढला, ओढ मात्र लागली नाही.

हे चर्चेच्या विषयांचे दारिद्र्य नव्हे. स्त्रीस्वातंत्र्य, नीती, वेदान्त यांवरील वाद त्या काळी ज्वलंत होते. आणि बुरोंडीपासून फार दूर नसलेल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत पुढे अध्यापन करणाऱ्या वामनरावांना स्त्रीशिक्षणाचा प्रश्न केवळ पुस्तकी खासच नव्हता. उणीव निराळीच आहे. रागिणी काय, उत्तरा काय, ही माणसे सुरेख बोलतात. परंतु बोलण्याची किंमत त्यांना क्वचितच मोजावी लागते, कारण त्यांच्या आयुष्याची वळणे विचारांपेक्षा योगायोगाच्याच हुकमतीत अधिक असतात. (‘काव्यशास्त्रविनोद’ हे उपनाम ग्रंथकारानेच दिलेले आहे, तेव्हा तक्रार करणाऱ्याची बाजू मुळातच लंगडी, हेही खरे!)

नवल वाटते ते अशासाठी, की विचाराची किंमत वामनरावांइतकी फार थोड्या मराठी कादंबरीकारांनी मोजली असेल. कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्ता’त 1908 साली आलेल्या, सातवळेकरांनी लिहिलेल्या एका लेखापायी, संपादक या नात्याने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच्या शब्दांसाठी स्वतः तुरुंग पत्करणाऱ्या, आणि सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणणाऱ्या या लेखकाच्या कादंबरीतील वादसभा इतकी निर्धोक का असावी?

‘सुशीलेचा देव’ (1930) वाचताना ही तक्रार पुष्कळच मावळते. तेथे सुशीलेची देवाविषयीची कल्पना तिच्या आयुष्यातील अनुभवांबरोबर बदलत जाते, म्हणून तिच्या पुढच्या विचाराची उत्सुकता वाटते. वामनरावांशी प्रथमच परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्याच्या हाती मी आधी हेच पुस्तक देईन. ‘रागिणी’ नंतर, सवडीने.